पळपुट्यांचं घर

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही, बायकोलाही नाही. एका म्हाताऱ्या माणसाने विश्वासाने माझ्या हाती दिलेला मजकूर इंग्रजीत करताना मी त्याचा अर्थ उलटा केला. आणि "मी लिहिलंय तेच आहे ना रे हे?" असं त्याने विचारलं तेव्हा त्याच्या तोंडाकडे बघून "गेनाऊ" म्हणालो. गेनाऊ म्हणजे अगदी बरोबर. जर्मनीत आलेल्या आपल्या माणसाच्या तोंडी हा शब्द पहिल्या महिन्यातच बसतो, मग तो अर्थ न बघता कुठेही वापरला जातो. मी मात्र त्या दिवशी अर्थ बघून वापरला.

म्हातारा म्हणजे आमचे घरमालक. गोष्ट दोन हजार चार-पाचच्या सुमाराची. पुण्याच्या कंपनीने मला वाल्डॉर्फच्या बाजूला एका लहानशा सॉफ्टवेअर कंपनीत उसना दिला होता. उसनाच म्हणायचं, कारण पगार इथला, मालकी तिथली. बायको, छोटी मुलगी आणि मी जवळच्याच एका गावात वरच्या मजल्यावर राहत होतो, खाली ते एकटे. त्यांनी सारा जन्म सिमेंटच्या कारखान्यात काढला होता. बायको वारली होती आणि एकुलती एक मुलगी हॅम्बर्गला असे. आमची मुलगी त्यांना ओपा म्हणायची, म्हणून आम्हीही आपसात त्यांना आजोबा म्हणू लागलो.

राहायला गेलो त्याच आठवड्यात बेकरीवालीने विचारलं, घर कुठे घेतलंत? मी गल्ली सांगितली. ती हसून म्हणाली, "अच्छा, म्हणजे सशांकडे." मला वाटलं मागच्या अंगणात सशांची खुराडी असतील. मी मुलीला घेऊन बघायलाही गेलो. तिथे लाकडाच्या ढिगाशिवाय काही नव्हतं. नंतर टपालवालाही तेच म्हणाला, शेजारीणही म्हणाली. आपल्याकडे गावात घराण्याला एखादं टोपणनाव चिकटतं आणि खऱ्या आडनावाने कुणी ओळखेनासं होतं, तसला प्रकार असणार हे कळलं. पण का, हे विचारायचा धीर झाला नाही.

तो उलगडा एका सोमवारी झाला. सोमवारी आमच्या कंपनीत आढाव्याची बैठक असे. पडद्यावर तक्ता यायचा, ज्या कामाला उशीर झालाय ते लाल रंगात, आणि त्यापुढे कारणाच्या रकान्यात एकच शब्द: पुणे. काम काय करायचं हे इथल्या लोकांनीच तीन आठवडे उशिरा ठरवलं, ठरवल्यावर दोनदा बदललं, तरी कारण पुणे. पुण्यातली ती मुलं रात्र-रात्र बसतात हे मला माहीत होतं, कारण वर्षापूर्वी मी त्यांच्यातच बसत होतो. त्या दिवशी विभागप्रमुख हसत-हसत म्हणाले की भारतीय सहकाऱ्यांचं घड्याळ जरा वेगळं चालतं. सगळे हसले. लाजेने म्हणा, सवयीने म्हणा, मीही हसलो.

घरी आलो तर आजोबा जिना झाडत होते. माझी पाळी होती, मी विसरलो होतो. मी माफी मागितली, झाडू घेतला आणि एकदम सगळं ओकलो. मोडक्या जर्मनमध्ये, पण ओकलो. त्यांनी ऐकून घेतलं, पायरीवर बसले आणि म्हणाले, "म्हणजे तुम्हालाही उजव्या टोकाला उभं केलंय."

मग त्यांनी सांगितलं. त्यांच्या पणजोबांचा धाकटा भाऊ. इथल्या बाडेन प्रांतातलं राजसत्तेविरुद्धचं बंड फसल्यानंतरच्या वर्षांत इथल्या गावागावांतून माणसं अमेरिकेला गेली, त्यांत हाही गेला. तिथे यादवी युद्ध पेटलं, गुलामगिरी ठेवायची की मोडायची यावरून. हा उत्तरेच्या सैन्यात, जर्मन लोकांच्या पलटणीत भरती झाला. तिथे हुकूमसुद्धा जर्मनमध्ये सुटत. आणि मग गेटिसबर्ग. एका लहानशा गावाभोवती तीन दिवस लढाई, आणि मेलेले, जखमी, हरवलेले मिळून दोन्ही बाजूंची पन्नास हजारांच्या घरात माणसं. त्या युद्धातली सगळ्यांत महाग पडलेली लढाई ती.

पहिल्या दिवशी दुपारी या जर्मन पलटणींना गावाच्या उत्तरेला, उघड्या सपाट शेतांत, सैन्याच्या अगदी उजव्या टोकाला, लांबच लांब पातळ रांगेत उभं केलं. मागे आधाराला जवळपास कुणी नाही. शत्रू बाजूने आला, नुसता समोरून नाही. रांग मोडली. गावाच्या अरुंद गल्ल्यांतून सगळे मागे हटले, कित्येक पकडले गेले, आणि उरलेले गावापलीकडच्या कबरस्तानाच्या टेकडीवर पुन्हा उभे राहिले. त्या दिवशी मोडलेल्यांत दुसऱ्या पलटणीही होत्या, अस्सल अमेरिकन. पण वर्तमानपत्रांना गुन्हेगार सापडला होता. जर्मन पळाले. परके पळाले. इंग्रजी धड न येणारे, ते पळाले.

ही बातमी पत्रांतून आणि परत आलेल्यांच्या तोंडून या गावापर्यंत पोचली. कुणाच्या तरी लग्नात कुणीतरी पिऊन विनोद केला, आणि तेव्हापासून हे घर सशांचं. मराठीत सांगायचं तर पळपुट्यांचं. आजोबांना शाळेत मुलं कान हलवून दाखवायची. पुढे त्यांच्या मुलीलाही.

"आणि तो मेला कुठे, माहीत आहे?" आजोबा म्हणाले. "दुसऱ्या दिवशी संध्याकाळी. त्याच टेकडीवर, अंधार पडता पडता शत्रू चढून आला तेव्हा. टेकडी पडली नाही. तो पडला. मला सांगा, पळणारा माणूस कबरस्तानाकडे पळतो का?"

मग त्यांनी विचारलं, तुमच्याकडे आहे का असलं काही? मी पानिपत सांगितलं. सगळा सत्यानाश झाला असं म्हणायचं असलं की आम्ही अजून 'पानिपत झालं' म्हणतो, हेही सांगितलं. दोष कुणाला दिला, असं त्यांनी लगेच विचारलं. मी म्हणालो, अडीचशे वर्षं होत आली, अजून भांडण चालू आहे, ज्याला जो नावडतो त्याला देतात. ते इतके हसले की खोकला आला. त्या दिवशी त्यांनी मला 'तू' म्हणायला सुरुवात केली, आणि मलाही तसंच म्हणायला सांगितलं. मला काही ते जमलं नाही. मी शेवटपर्यंत 'तुम्ही'च म्हणत राहिलो.

गावात एक मंडळ होतं, कथलाच्या चपट्या बोटभर सैनिकांची लढाई मांडणाऱ्यांचं. गेटिसबर्गची पहिली दुपार त्यांनी भल्यामोठ्या टेबलावर उभी केली होती. कापसाचा धूर, वाळवलेल्या शेवाळाची झाडं, एकेक कुंपण काड्यांचं. आजोबा त्या मंडळात एकाच कारणासाठी होते. बाजारात मिळणाऱ्या साच्यात जर्मन पलटणींचे सैनिक पाठ फिरवून धावतानाचेच निघत, आणि मंडळाचे अध्यक्ष तेच मांडत. आजोबांनी घरी स्वतःचा साचा कोरला. त्यातून निघणारे सैनिक शत्रूकडे तोंड करून, गजाने बंदुकीत बार ठासत उभे. महिन्या-दोन महिन्यांनी ते आपले चार-पाच सैनिक खिशातून नेत आणि तेवढेच पळणारे उचलून आणत. अध्यक्षांना कळत असे. ते म्हणत, ससे परत वळले वाटतं. सगळे हसत. आजोबा हसत नसत.

हे अध्यक्ष म्हणजेच आमचे विभागप्रमुख. लहान गावं असतात तिथे असंच असतं.

त्या वर्षी मंडळाने गावच्या सभागृहात मोठं प्रदर्शन भरवायचं ठरवलं. हायडेलबर्गला तेव्हा अमेरिकन सैन्याचा तळ होता. तिथल्या कुटुंबांना बोलवायचं म्हणून प्रत्येक जर्मन फलकाशेजारी इंग्रजी फलक. उजव्या टोकाचा फलक लिहायचं काम आजोबांनी मागून घेतलं, आणि इंग्रजीसाठी म्हणाले, वरती माझा भारतीय आहे की. मला केवढा आनंद झाला! त्यांनी तो मजकूर किती वेळा लिहिला असेल, देव जाणे. स्वयंपाकघराच्या टेबलावर कागद, पेन्सिल, खोडरबर. शेवटी एक परिच्छेद उरला. चांगला होता. रांग कशी पातळ होती, बाजूने कसे आले, गल्ल्यांत काय झालं, आणि दुसऱ्या संध्याकाळी टेकडी कुणी राखली. शेवटचं वाक्य असं होतं: आमच्या गावचा एक माणूस तिथे पडला, आणि तो पळत नव्हता. त्या एका वाक्यासाठी त्यांनी इतकी वर्षं मंडळाची वर्गणी भरली होती.

दुसऱ्या दिवशी कॉफीच्या यंत्रापाशी विभागप्रमुखांनी मला गाठलं. आवाज अगदी मऊ. म्हणाले, पाहुण्यांच्या पुस्तकांत जे आहे तेच इंग्रजीत असू दे, जर्मन पलटणी टिकल्या नाहीत आणि पळाल्या. त्यांची मुलं आत्ता इराकच्या वाळवंटात आहेत, ते करमणुकीला येताहेत, आपली घरगुती भांडणं त्यांच्या गळ्यात कशाला? दुसऱ्या दिवसाची हकिगतही नको, आपलं टेबल पहिल्या दुपारचं आहे. जर्मन फलक म्हाताऱ्याला हवा तसा ठेव, त्याचं समाधान होईल. "तुम्ही लोक हे नाजूकपणे करू शकता," म्हणाले.

मला त्यांनी धमकी दिली नाही. नोकरीचं नावही काढलं नाही. मला इथे कायम करायचं की पुण्याला परत पाठवायचं, हा निर्णय त्यांच्या टेबलावर होता, हे दोघांनाही ठाऊक होतं, बस. आज या माणसाचा मला संताप येतो. मेलेल्या माणसावर आळ कायम राहिला तर कुणाचं काय बिघडतं, असा त्याचा हिशेब होता, आणि कप धुता धुता त्याने तो माझ्याकडून मान्य करून घेतला. पण त्याने सांगितलं आणि मी केलं. टोकाला उभं केलेल्यांच्या नावाने जिन्यात गळा काढणारा मीच होतो. अस्सल अमेरिकन वर्तमानपत्रवाल्याने निदान त्या सैनिकांचं मीठ खाल्लेलं नव्हतं. मी त्यांच्यातल्याच एकाच्या घराण्यातल्या माणसाच्या घरात राहत होतो, त्याच्या हातचा आलुबुखाराचा केक खात होतो.

मी लिहिलं. सफाईदार इंग्रजीत, चार वाक्यं. जर्मन पलटणी टिकाव धरू शकल्या नाहीत, फुटल्या आणि गावातून पळाल्या. पळणाऱ्यांत या गावचा एक तरुणही होता. आणि खाली, जर्मन फलकावर होतं तसंच, लिहिणाऱ्याचं नाव: आजोबांचं.

छापून आलेला फलक त्यांच्यासमोर धरला तेव्हा त्यांनी चष्मा काढून कापडाने पुसला, पुन्हा लावला आणि न येणाऱ्या भाषेतल्या त्या ओळींवरून बोट फिरवलं. आपल्या गावाचं नाव सापडलं तिथे बोट थांबलं. तेव्हा त्यांनी तो प्रश्न विचारला, आणि तेव्हा मी गेनाऊ म्हणालो.

प्रदर्शनाच्या वेळी बायको मुलीला घेऊन भावाच्या लग्नाला पुण्याला गेली होती. तिने तो फलक वाचला असता तर हे सगळं तिथेच थांबलं असतं. सभागृहात गर्दी होती. जर्मन लोक जर्मन फलक वाचत, अमेरिकन लोक इंग्रजी. दोन्ही कोण वाचतो? आजोबा कोट घालून आपल्या फलकापाशी उभे होते. मी शेजारी, दुभाष्या.

एक वयस्कर अमेरिकन आला, केस बारीक कापलेला, ताठ. त्याने फलक सावकाश वाचला, टोपी काढली आणि मला विचारलं, हे गृहस्थ त्या घराण्यातले का? मी हो म्हणालो. तो आजोबांकडे वळून इंग्रजीत म्हणाला, आपला माणूस पळाला हे आपल्याच सहीने भिंतीवर लावायला फार धैर्य लागतं. माझ्या घरात कुणी असं असतं तर आम्ही लपवलं असतं. मनापासून म्हणाला. त्याच्या चेहऱ्यावर आदरच होता.

आजोबांनी माझ्याकडे बघितलं. काय म्हणतो?

त्या क्षणी सांगता आलं असतं. मी म्हणालो, "ते म्हणतात, तुमच्या माणसासारखी माणसं होती म्हणून ती टेकडी राहिली."

आजोबांनी त्या माणसाचा हात दोन्ही हातांत धरला आणि सोडेचनात. डोळ्यांतून पाणी. त्या अमेरिकनाला वाटलं असणार, एवढ्या वर्षांची लाज कुणीतरी माफ केली म्हणून म्हातारा रडतोय. त्याने त्यांच्या खांद्यावर थोपटलं. मी दोघांच्या मध्ये उभा होतो आणि दोघंही माझे आभार मानत होते.

पुढचे काही महिने आजोबा वेगळेच झाले. बेकरीत सांगून आले की खुद्द अमेरिकन सैन्यातल्या माणसाने माझा हात हातात घेतला. बेकरीवालीने मला विचारलं, खरंच का? मी हो म्हणालो. ते तर खरंच होतं. गावाच्या इतिहासाचं एक पुस्तक निघणार होतं, त्यात घराघरांच्या टोपणनावांचं एक प्रकरण. त्यासाठी आजोबांनी दोन पानं लिहून दिली. आता छापतील, म्हणाले, आता नाही म्हणायची कुणाची छाती नाही.

मी कायम झालो. त्याचा फलकाशी काही संबंध नव्हता हे नंतर कळलं. विभागप्रमुखांची तोवर दुसरीकडे बदली झाली होती आणि माझा कागद भलत्याच माणसाने मंजूर केला. म्हणजे ज्या भीतीने मी हे केलं ती भीतीसुद्धा पोकळ निघाली. मग आम्ही म्युनिकजवळ उंटरश्लाइसहाइमला गेलो. निरोप घेताना आजोबांनी माझ्या हातात एक कथलाचा सैनिक ठेवला. मी तो मुलीला खेळायला दिला आणि तो हरवला.

पुढच्या थंडीत ते गेले. मी अंत्यविधीला गेलो नाही, काम आहे म्हणून कळवलं. काही आठवड्यांनी त्यांच्या मुलीचा फोन आला. घर रिकामं करताना मंडळाने परत केलेले दोन्ही फलक तिला मिळाले होते. तिने ते शेजारी-शेजारी ठेवून वाचले. बहुधा दोन्ही वाचणारी ती पहिलीच.

"जर्मनमध्ये बाबा भांडताहेत," ती म्हणाली, "आणि इंग्रजीत कबूल करताहेत. परक्या लोकांपुढे त्यांना शेवटी खरं बोलता आलं. तसंच ना? इंग्रजीसाठी ते तुमच्यापाशी बसायचे, तुम्हाला माहीत असेल."

मी म्हणालो, "जा." जा म्हणजे हो. एवढंच.

ती रडली, आणि तिला हलकं वाटलं असं म्हणाली. लहानपणापासून घरात जेवणाच्या टेबलावर ती टेकडी, तो आळ, तो राग. आणि बाबांनी जाण्याआधी ते ओझं खाली ठेवलं होतं, हे बरं झालं. पुस्तकासाठी दिलेली ती दोन पानं मग तिने त्या इंग्रजी फलकाचा हवाला देऊन परत मागवली. ज्यावर त्यांचाच विश्वास उरला नव्हता ते त्यांच्या नावाने कशाला छापायचं?

ते पुस्तक मी नंतर त्या गावात पाहिलं, बेकरीच्या काउंटरवर विकायला ठेवलेलं. टोपणनावांच्या प्रकरणात ससे आहेत. एक ओळ आहे: या घराण्यातला एक पूर्वज गेटिसबर्गच्या रणातून पळाला, म्हणून. आधी जे दारू पिऊन लग्नात म्हटलं गेलं होतं, त्याला आता जाड पुठ्ठा आहे, आणि ते खरं असल्याचा पुरावा म्हणून माझं इंग्रजी आहे. मी रागाने ते मिटून काउंटरवर परत ठेवलं. बेकरीवाली म्हणाली, "घ्या की एक, तुम्हीही राहिलात ना त्यांच्याकडे." मी दोन ब्रेड घेतले आणि बाहेर पडलो.

आता मला इथल्या बैठकांत कुणी पुण्याचं नाव घेतलं की मी टेबलावर हात आपटून बोलतो. लोक म्हणतात, याला अन्याय सहन होत नाही. मी ऐकून घेतो. हे इथे लिहिलं म्हणून काही फिटत नाही, कारण आजोबांची मुलगी मराठी वाचत नाही. तिचा हॅम्बर्गचा नंबर माझ्याकडे आहे. मी तिला सांगायला हवं की ते इंग्रजी माझं होतं, तिच्या बाबांनी शेवटपर्यंत काहीही कबूल केलेलं नव्हतं, आणि ती दोन पानं तिने पुन्हा छापायला द्यावीत. हे मी अजून केलेलं नाही.